यादीतली सातवी

पाडलेल्या इमारतींचे स्लॅब ट्रक त्या मैदानात आणून टाकत. बायका ते घणानं फोडून आतल्या सळया मोकळ्या करत आणि मुलं त्या वाकड्या सळया दगडावर ठेवून हातोडीनं सरळ करत. आमच्या चर्चनं परदेशातल्या मिशनच्या कामाला मला पाठवलं, तेव्हा माझा सिव्हिलचा डिप्लोमा नुकताच झाला होता. स्लॅबमध्ये सळया कशा घालायच्या हे मला तोंडपाठ होतं. त्या बाहेर कशा काढतात ते तिथल्या एका घणवालीनं दाखवलं.

दोघी बायका आळीपाळीनं चालवत तो घण ती एकटी चालवायची. आधी स्लॅबवर हलकेच ठोकून आवाज ऐकायची, जागा ठरवायची आणि मग घाव घालायची. तिचा नवरा पडत्या भिंतीखाली गेला होता. "बांधणाऱ्यानं सिमेंट खाल्लं आणि भिंतीनं माझा माणूस," ती म्हणायची, आणि ती भिंत जणू मीच बांधली असल्यासारखी माझ्याकडे बघायची. मी तिला काकू म्हणायचो. ती मला इंजिनिअर म्हणायची, तेही हसू दाबत.

तिला एकच पोर, नऊ वर्षांची. आवाज असा, की मैदानभर तिला भोंगाच म्हणत.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही मुलांना पत्र्याच्या शेडमध्ये गोळा करायचो. मिशनची परिचारिका जखमा धुवायची, आमचे पाळक येशूची एखादी गोष्ट सांगत, मी अक्षरं आणि बेरजा घ्यायचो. पहिल्या दिवशी खडू वाटताना मी मुलांचे हात पाहिले. अंगठ्याचं नख एकाचंही धड नव्हतं. कुणाची बोटं चेपलेली, कुणाच्या तळव्यात गंजाचा काळा चर. ती लिपी मलाही नवी होती; त्याच हातांनी मुलं माझी चुकलेली अक्षरं पुसायची. "ए इंजिनिअर, याचं शेपूट कुठाय?" भोंगा ओरडायची आणि सगळे फिदीफिदी हसायचे.

सुट्टी संपली तरी मुलं उठत नसत. पंधरा-वीस मिनिटं सहज वर जात. मैदानावरच्या मुकादमाचं लक्ष तेव्हा ट्रकवर असे.

"त्याची परवानगी घेऊ. सगळं रीतसर होईल," असं मीच सुचवलं. पाळकांनाही ते पटलं. मी वेळ न दवडता, त्याच संध्याकाळी तक्ता आखला: मुलाचं नाव, वय, आईचं नाव, कुठल्या ढिगावर काम, शेडमध्ये किती वाजेपर्यंत बसतं. बावीस मुलं. कॉलेजात शिकवल्याप्रमाणे एक प्रत आपल्याकडे ठेवली, एक मुकादमाला दिली.

त्यानं ती सावकाश वाचली. "वा! काय सुबक काम आहे," म्हणाला आणि घडी करून खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मुलांना रांगेत उभं केलं आणि माझा तक्ता मोठ्यानं वाचायला लागला. एक नंबर, वीस मिनिटं उशीर. हातात बोटाएवढी जाड सळई. पहिल्या पोराच्या पोटऱ्यांवर ती बसली तशी कातडी फाटून रक्त टाचेपर्यंत आलं. दोन नंबर. तीन नंबर. मी धावलो, तर त्याच्या माणसानं मला मानेला धरून पत्र्यावर आपटलं. माझा दात ओठात घुसला. पाळक दोन्ही हात पसरून मध्ये गेले. त्यांना ढकलून पाडलं. सहाव्या मुलीनं हात आडवा धरला आणि तिचं मनगट कडकन मोडलं. तिचा आवाजच फुटला नाही, नुसतं तोंड उघडं राहिलं.

"सात नंबर," त्यानं वाचलं. भोंगा.

घणवाली ढिगावरून खाली आली. "साहेब, पोरीला सोडा. तिचे फटके मला मारा. दुप्पट मारा."

तो हसला. कागद तिच्यापुढे नाचवत म्हणाला, "तुझा नंबर कुठाय यादीत?" आणि त्यानं भोंगाचे केस धरून सळई उचलली.

सळई खाली आलीच नाही. घण त्याच्या कोपरावर बसला. हाड कातडीतून बाहेर आलं, पांढरं, आणि तो गुडघ्यावर कोसळून लहान पोरासारखा किंचाळला. घणवालीनं दुसरा घाव घातला नाही. घण टाकून ती पोरीपुढे उभी राहिली. मग त्याची तीन माणसं तिच्यावर तुटून पडली. सळयांनी, लाथांनी मारलं. तिचा उजवा हात दगडावर धरून त्याच घणानं ठेचला. तेव्हा ढिगावरच्या बायका हातात येतील ते दगड मारत खाली आल्या, म्हणून ती वाचली.

मिशनच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हता, परिचारिकेनंच तिची तीन बोटं काढली. मी खाटेजवळ उभा होतो. "काकू, चूक माझी," म्हणालो.

"तुझीच आहे," ती म्हणाली.

पाळकांनी मुकादमाला क्षमा करण्याविषयी हळूच सुरुवात केली. सुजलेल्या ओठांनी ती म्हणाली, "प्रार्थना त्याच्यासाठीच करा. मला दुसरा हात आहे अजून."

पाचव्या दिवशी मुकादमाचा निरोप आला: पोरगी मैदानात दिसली, तर तिचे पाय तोडू. मिशनचं मुलींचं वसतिगृह दुसऱ्या शहरात होतं. तिथं फक्त मुलींना घेत, आयांना नाही. घणवालीनं एवढंच विचारलं, "दाराला आतून कडी आहे का?" आहे, म्हटल्यावर ती उठली.

जीपजवळ भोंगा आईच्या कमरेला बिलगली. सोडेचना. "मी नाही जाणार! मी घण चालवीन, मी मोठी आहे!" समजावून झालं, लाडीगोडी झाली. रस्त्याच्या टोकाला मुकादमाची दोन माणसं येऊन उभी राहिली होती, आमच्याकडे बघत.

घणवालीनं डाव्या हातानं पोरीच्या थोबाडीत मारली. अशी जोरात, की भोंगाचं डोकं जीपच्या दारावर आपटलं आणि मिठी सुटली. तेवढ्यात मी तिला उचलून आत टाकलं. तिच्या गालावर चार बोटं उमटली होती. ती आईकडे बघत राहिली, रडायचंही विसरून.

"चालव की रे," घणवाली ड्रायव्हरवर खेकसली, "तोंड काय बघतोस माझं?"