पायरीवरून पडली म्हणून

१९७४ साल. मी तेव्हा बासष्ट वर्षांचा होतो आणि सोलापुरात टांगा हाकत होतो. माझी धाकटी मुलगी कमल सरकारी दवाखान्यात टेबलावर पडली होती. डॉक्टरांनी तिच्या पोटात सुई घालून ओढली, तर सुईत रक्त आलं. ते उजेडात धरून बघितलं आणि म्हणाले, "स्प्लीन फुटलंय. इंटर्नल ब्लीडिंग आहे."

मी चौथीपर्यंत शिकलेला. मला कळेना. मग त्यांनी आपल्याच डाव्या बरगडीखाली हात ठेवून सांगितलं. स्प्लीन म्हणजे पानथरी. ती लई नाजूक असते, रक्तानं भरलेली. फुटली की रक्त बाहेर दिसत नाही, पोटातच साचत जातं. तेच इंटर्नल ब्लीडिंग.

"आत्ता ऑपरेशन केलं तर वाचेल. पानथरी काढून टाकावी लागेल."

"काढल्यावर माणूस जगतं का?"

"जगतं."

"मग काढा की."

नर्सबाई म्हणाल्या, सही नवऱ्याची लागते, नवरा कुठं आहे? मी म्हटलं, नवऱ्यानंच लाथ घातलीय. बाई डॉक्टरांकडं बघायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "बापाची घ्या." मी एकेक अक्षर जुळवून सही केली.

हे मी लिहून ठेवतोय ते ज्यांच्या घरात अशी मुलगी आहे त्यांच्यासाठी. त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक दुखण्याची, एक चौकीची.

दुखण्याची आधी सांगतो. लाथ बसली त्या दिवशी कमल चालत आमच्याकडं आली. पोट थोडं दुखतंय म्हणाली, पण जास्त दुखत होता डावा खांदा. तिच्या आईनं खांद्याला निलगिरीचं तेल चोळलं, वीट गरम करून फडक्यात बांधून शेकलं. खांद्याला तर काही लागलेलं नव्हतं, मग दुखतोय का, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढं बसल्या बसल्या पांढरी पडली आणि आडवी झाली.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. पानथरीवर एक पापुद्रा असतो. तो काही काळ रक्त धरून ठेवतो आणि मग फाटतो. पोटातलं रक्त छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला लागलं की दुखणं खांद्यात जाणवतं. म्हणून पोटावर मार बसलेल्या माणसाचा डावा खांदा दुखायला लागला, तर चोळत बसू नये. दवाखाना गाठावा.

आता चौकीची.

आमच्या पेठेतल्या चौकीचे जमादार माझ्या टांग्यातून कोर्टाला जायचे. मागं बसत नसत, पुढं माझ्या शेजारी बसायचे. पुढची जागा मी ओळखीच्या माणसालाच देतो. त्यामुळं जमादार आपला माणूस, असं मी धरून चाललो होतो.

जावयाचं नाव दत्तू. गिरणीत कामाला. लग्नाला वर्ष झालं नाही तोवर कमल तोंड सुजवून आली. मी तिला चौकीत नेलं. जमादार म्हणाले, "आण्णा, नवरा-बायकोचं भांडन हाय. रातच्याला एका ताटात जेवतील. आमी मधी पडून कुटं वाईट व्हायचं?" आम्ही परत आलो.

दुसऱ्या वेळी हात मोडायचा राहिला होता. या वेळी जमादारांनी दत्तूला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता लिहून घेतील. त्यांनी शिपायाला चौकीसमोरच्या खंडोबाच्या देवळात पाठवलं आणि बेल-भंडार आणवला. बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा दत्तूच्या हातावर ठेवला. दत्तूनं मूठ मिटून हात कपाळापर्यंत उचलला आणि म्हणाला, पुन्हा बायकोला हात लावणार नाही.

"झालं," जमादार म्हणाले. "आता कागद कशाला काळा करायचा?"

बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. आमच्यात तसं नाही. माझ्या चुलत्यानं भंडारा उचलून तंबाखू सोडली, ती मरेपर्यंत तोंडात घातली नाही. भंडारा उचललेल्या माणसावर संशय घ्यायचा म्हणजे देवावर घ्यायचा. मी कमलला टांग्यात बसवलं आणि दत्तूच्या दारात सोडलं. उतरताना ती म्हणाली, "आण्णा, त्यानं मूठ उघडलीच न्हाई. भंडारा कपाळाला लागलाच न्हाई." मला ते तेव्हा लक्षात घेण्यासारखं वाटलं नाही.

त्यानंतरची लाथ ती ही.

ऑपरेशनला रक्त हवं होतं. आम्हाला दवाखान्यात आणलं ते माझ्या स्टँडवरच्या कासिमभाईनं, कारण माझा घोडा नालाला गेला होता. तो व्हरांड्यात बसूनच होता. त्याचं रक्त जुळलं. दंडाला कापूस दाबून बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "पोरीला झालं काय, आण्णा?"

"पायरीवरनं पडली," मी म्हटलं.

स्टँडवर मी सगळ्यांना तेच सांगितलं. घरातली गोष्ट टांगेवाल्यांत बोलायची मला सवय नव्हती.

ऑपरेशन झालं. कमलच्या नाकातून नळी घातली होती, हाताला सलाइन. खुणेनं पाणी मागायची, पण द्यायचं नव्हतं. तिची आई ओला कापूस ओठांना लावायची. मी स्टुलावर बसून असायचो. तिथं करण्यासारखं दुसरं काही नसतं.

डॉक्टरांनी एम.एल.सी. केली होती. एम.एल.सी. म्हणजे पोलिसाला कळवावी लागते ती केस. कळवल्यावर हवालदार जबाब घ्यायला आला. त्याच्यासोबत दत्तू होता. हातात शहाळं. तो कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला.

हवालदारानं वही उघडली. "पायरीवरनं पडलीस न्हवं बाई?"

कमलनं दत्तूकडं बघितलं. मग माझ्याकडं. नळीनं घसा सोलला होता, तिला धड बोलता येत नव्हतं. हवालदार लिहायला लागला.

मी म्हटलं, "ह्याला बाहेर काढा. मग इचारा."

"आजोबा, नवरा हाय तिचा."

"त्यानंच मारलंय."

"असं कसं? ह्यानं जमादारसाहेबांपुढं भंडारा उचललाय की. भंडारा उचललेला माणूस मारंल व्हय?"

म्हणजे आमच्याकडं कागद नव्हता आणि त्याच्याकडं देव होता. चौकीची ध्यानात ठेवायची गोष्ट ती हीच: शपथेवर उठून येऊ नये, आधी कागद करून घ्यावा. शेजारच्या कॉटवर कुंभारी गावची एक म्हातारी होती. ती तोंडावर पदर घेऊन म्हणाली, "शहाळं तरी ठिवून जा म्हनावं. तेवढंच पोटात जाईल कुनाच्या तरी." हवालदार तेवढा हसला.

मी तसाच चौकीत गेलो. जमादारांना म्हटलं, "भंडारा तुमी उचलायला लावला. त्यानं मोडला. आता लिवा."

जमादार चहा पीत होते. म्हणाले, "मोडला आसंल तर खंडोबा बघंल त्याचं. मी काय देवाचा पोलीस हाय का?"

चौकीतले शिपाई हसले. मी परत दवाखान्यात येऊन स्टुलावर बसलो.

डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते तरुण होते, कुर्डुवाडीकडचे. ते म्हणाले, "पायरीवरून पडून असं होत नाही, हे मी केसपेपरवर लिहिलंय. चौकीत काय लिहायचं ते माझ्या हातात नाही." त्यांनी त्यांचं काम केलं. त्यांनी आणि वॉर्डातल्या नर्सबाईंनी माझी मुलगी परत दिली. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

टाके निघाले. जखमेचं खालचं टोक अजून ओलं होतं. डिस्चार्ज देताना डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी पट्टीला यायचं. पानथरी नसलेल्या माणसाला जंतू लवकर धरतो, म्हणून ताप आला की घरी थांबायचं नाही. अजून आम्ही ते पाळतो. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आणि पोटावर पुन्हा मार बसता कामा नये. आतले टाके तुटले तर मी काही सांगू शकत नाही."

फाटकाबाहेर दत्तू उभा होता. सोबत जमादार.

"आण्णा," जमादार म्हणाले, "लेकीला नवऱ्याच्या घरी सोडा. कायद्यानं त्याची हाय ती."

मी कमलला विचारलं, कुटं जायचं?

"आपल्या घरी."

मी लगाम उचलला. दत्तूनं घोड्याच्या तोंडातलं कडियाळं धरलं आणि शांतपणे म्हणाला, "आज न्हाई तर उद्या. रोज पट्टीला येनार न्हवं?"

मी जमादारांकडं बघितलं. "ऐकलंत न्हवं?"

"नुसतं बोलला तो," जमादार म्हणाले. "बोलल्याचा गुन्हा होत न्हाई."

घोडा पुढं गेला तेव्हा दत्तूला हात सोडावा लागला. घरी येईपर्यंत कमल पोटावर हात धरून बसली होती. दवाखान्याचा रस्ता गिरणीवरून जातो आणि मी एकटा आहे, एक हात लगामावर. हे तिलाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टांगा न जोडता चालत स्टँडवर गेलो. टांगे नंबरानं लागले होते. माझा टांगा दिसला नाही म्हणून सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मधोमध उभा राहिलो.

"पोरगी पायरीवरनं पडली न्हवती," मी म्हटलं. "जावयानं लाथ घातली. चौकीवाले लिवून घेत न्हाईत. रोज पट्टीला न्यायची हाय आन् तो वाटंत थांबनार हाय. मला एकट्याला हुनार न्हाई."

मग कासिमभाई म्हणाला, "मी रक्त दिलं तवा तरी खरं सांगायचं की, आण्णा." त्यानं घोड्याच्या तोंडाची चंदीची पिशवी काढली. "पैला नंबर माझा हाय. जा, आना पोरीला." मागचे दोन टांगेही आपला नंबर सोडून जोडीला निघाले.

कोपऱ्यावर जमादार कोर्टाला जायला उभे होते. त्यांनी हात केला. मी न थांबता त्यांच्या समोरून घरी गेलो, कमलला घेऊन आलो आणि कासिमभाईच्या शेजारी, पुढच्या जागेवर बसवली.