मॅडमनं चहा घेतली का?

आमच्या ऑफिसात एकच लोखंडी कपाट आहे आणि त्याचं दार लागत नाही. निकाल लागला की फायली रेकॉर्ड रूमला जातात, कपाट जरा मोकळं होतं. किस्से मात्र कुठेच जमा करता येत नाहीत. घरी सांगायला बसले तर नवरा म्हणतो, "जेवताना नको." तुम्ही आता जेवत नाही आहात, म्हणून सांगते.

मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कोर्टात प्रोबेशन अधिकारी. गुन्हा शाबीत झाला, पण शिक्षा अजून सुनावायची आहे, अशा वेळी जजसाहेब मला विचारतात, ह्याला जेलात टाकू की चांगल्या वागणुकीच्या अटीवर घरी पाठवू? मग मी त्याच्या गावाला जाते, घरच्यांशी, शेजाऱ्यांशी, सरपंचाशी बोलते आणि दोन पानी रिपोर्ट लिहिते. सुटला तर दर महिन्याला तो माझ्याकडे हजेरीला येतो. जेलात बरीच वर्षं काढलेल्यांना अटींवर सोडायचं असलं तरी चौकशीला मीच जाते. सगळ्या नोकरीचं सार एका प्रश्नात आहे: "ह्याला घरी घेता का?"

*

पहिलीच चौकशी किरनापूरकडच्या गावात होती. मे महिना. सोबत आमचे शिपाई मेश्रामभाऊ. त्यांना ह्या जिल्ह्यातली प्रत्येक पायवाट माहीत. आरोपीच्या आईनं चहा पुढे केला, मी प्यायले. घसा सुकला होता, त्यात एवढं काय?

गावाबाहेर पडेपर्यंत ज्याचं डोकं फुटलं होतं तो फिर्यादी रस्त्यात उभा.

"मॅडम, त्याच्याकडची चहा गोड लागली. आमची काय कडू हाय का?"

तेव्हा कळलं की इकडे माझा रिपोर्ट मी लिहायच्या आधीच वाचतात. मॅडमनं चहा घेतला म्हणजे माणूस सुटला, नाही घेतला म्हणजे गेला. मी घाबरून त्याच्याकडेही चहा प्यायले.

गाडीवर मागे बसता बसता मेश्रामभाऊ म्हणाले, "झालं मॅडम. आता दोन रिपोर्ट लिवा."

*

भरवेलीचा एक खाण कामगार दोन वर्षांच्या हजेरीवर होता. मारामारीची केस. दर महिन्याच्या दहा तारखेला सायकलनं यायचा, सही करायचा, जायचा. एकदाही चुकला नाही. मी बैठकीत त्याचं उदाहरण देत असे.

एका महिन्यात तो आठ तारखेलाच आला. शर्टाचं बटण तुटलेलं, घामानं चिंब.

"आज काय? परवा दहा तारीख."

"परवा जमत नाही मॅडम. परवा मी आत असन."

"काहून?"

"सकाळी साळ्याले हाणलो. पोलीस येऊनच राह्यले असतीन. म्हटलं, त्यायच्या अगुदर सही करून टाकू. तुमची हजेरी काहून चुकवू?"

सही करून त्यानं पेनाचं टोपण नीट लावलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसला. मला पोलिसांना फोन करावा लागला नाही. ते त्याच्या सायकलच्या मागेच होते.

*

रिपोर्टात एक रकाना आहे, "शेजाऱ्यांचं मत". हा रकाना ज्यानं काढला तो खेड्यात कधी राहिला नसावा. खेड्यात मारामारी होते ती शेजाऱ्याशीच.

बैहरच्या पुढे जंगलातलं गाव, चार घरं, दोन नाल्याच्या अलीकडे, दोन पलीकडे. जीप शेवटचे दोन किलोमीटर जात नाही. आरोपीनं कुऱ्हाडीचा दांडा घालून ज्याचं डोकं फोडलं, तोच त्याचा एकुलता एक शेजारी. टाके अजून दिसत होते. मी त्याच्यापुढे वही उघडली.

"आदमी कैसा है?"

"आदमी अच्छा है मॅडम," तो म्हणाला, "बस कुल्हाड़ी दूर रखना।"

"मग केस कशाला केली?"

तो हिंदीतच म्हणाला की केस त्यानं केली नाही, डॉक्टरनं केली. तो फक्त डोकं शिवायला गेला होता. आणि आता धान कापायला आलंय, दोघांची शेतं एकत्र कापतात, तर त्याला जरा लवकर पाठवा. मी ते मत जसंच्या तसं लिहिलं. कुऱ्हाडीसकट.

*

एक नवे जजसाहेब आले होते. तरुण, हुशार, प्रत्येक ओळीखाली रेघ मारणारे. माझा रिपोर्ट हातात धरून त्यांनी भर कोर्टात विचारलं, "गारंटी है, मॅडम? दोबारा नहीं करेगा?"

मी म्हणाले, "सर, रिपोर्ट आहे. गॅरंटी नाही."

बाहेर व्हरांड्यात मेश्रामभाऊ म्हणाले, "गॅरंटी तं मिक्सरले भेटते. थेही दोन सालची."

मी पोट धरून हसले. तेव्हा हसता येत होतं.

*

कारण पुढच्याच पावसाळ्यात हे झालं. मी सहसा सांगत नाही.

लांजीच्या वाटेवरचं गाव. माणसानं भांडणात शेजाऱ्याचा हात मोडला होता, पहिलाच गुन्हा. घर नीटनेटकं, सारवलेलं. त्याची बायको चुलीपाशी होती. मी सगळ्यांसमोर विचारलं, "ह्याला घरी घेता ना?" तिनं आधी सासूकडे पाहिलं, मग "हौ" म्हणाली. चहा आणून दिला तेव्हा तिचा हात थरथरत होता. मला वाटलं, लाजते आहे. दोन रिपोर्टांच्या फजितीनंतरही माझी सवय गेली नव्हती, मी कप रिकामा केला आणि रिपोर्टात लिहिलं, "कौटुंबिक वातावरण समाधानकारक." ती ओळ मला अजून झोपेतही पाठ आहे.

तो सुटला. पाच महिन्यांनी त्यानं तिला मारून टाकलं.

मी सरकारी दवाखान्यात गेले. पोस्टमॉर्टमच्या खोलीबाहेर तिची आई भिंतीला टेकून बसली होती. मला शिव्या देईल, केस ओढेल, असं वाटलं. ते बरं झालं असतं.

"तुमीच का थ्या मॅडम?" ती म्हणाली. "पोरगी फोनवर सांगत होती. लय खुशीत होती. म्हणे, मॅडमनं माह्या हातची चहा घेतली."

तेव्हापासून मी चौकशीला गेले की पाण्याची बाटली आपली नेते. कोणाच्या घरी चहा घेत नाही. आणि घरातल्या बाईला एकटीला विचारते, बाकी सगळ्यांना अंगणाबाहेर काढून. ऑफिसातले म्हणतात, मॅडम नियमाच्या फार पक्क्या. मीही त्यांना तसंच समजू देते.

*

आता दशरथचं सांगते.

दशरथ चौदा वर्षं जेलात. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं आणि त्यानं सख्ख्या मोठ्या भावाच्या डोक्यात फावडं घातलं. भाऊ जागीच गेला. जेलात तो बगीचा सांभाळायचा. कोणाशी वाद नाही, तंटा नाही. मी कोणत्याही कामानं आत गेले की हातातलं खुरपं खाली ठेवून एकच विचारायचा, "मॅडम, माहं कवा?"

शेवटी सुटणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव आलं. अट एकच: घरच्या कोणीतरी त्याला ठेवून घेऊ असं लिहून द्यायचं. मूलबाळ नाही. बायको तो जेलात असतानाच वारली.

"मग गावात कोण आहे तुमचं?"

"वयनी हाय."

"कोणती वहिनी?"

तो मातीनं भरलेल्या नखांकडे पाहत राहिला. "थेच," म्हणाला.

ज्या भावाला मारलं, त्याचीच बायको. मेलेल्याच्या घरचं म्हणून मला तिचं मत घ्यायला तसंही जायचंच होतं.

दोन्ही भावांची घरं एका छपराखाली, अंगण एक. वहिनी, सयत्राबाई, सुपात तांदूळ निवडत बसली होती. मेश्रामभाऊंना आणि सरपंचाला मी बाहेर पाठवलं आणि तिला सगळं समजावलं. कोणाची जबरदस्ती नाही, नाही म्हटलं तरी चालतं, नाही म्हटल्याचं त्याला कळणारही नाही. ती खडे वेचत ऐकत होती.

"दात हायेत का त्याचे?" तिनं विचारलं.

"समोरचे दोन पडलेत."

"मंग भात नरम टाका लागन."

ती उठली आणि मला दशरथच्या अर्ध्या घरात घेऊन गेली. जमीन ताजी सारवलेली. चटई अंथरलेली, माठ भरलेला. चौदा वर्षं ही खोली ती दर सणाला सारवत होती, असं नंतर सरपंचानं सांगितलं. दाराला नवी कडी होती. बाहेरून. आतून नव्हतीच.

"आतून कडी नाही?"

"कायले पाह्यजे?"

"बाई, खरं सांगा. तुम्हाला राग नाही येत त्याचा?"

तिनं माझ्या शाईच्या पॅडवर आपणहून अंगठा दाबला आणि कागदावर उठवला. मी दाखवलंही नव्हतं कुठे.

"चौदा साल झाले, मॅडम. मी वाट पाहून राह्यली."

एवढी वर्षं मी माणसांचे चेहरे वाचून पगार घेते. तो चेहरा मला वाचता आला नाही.

मग तिनं स्टीलच्या ग्लासात चहा आणला. कुंपणाबाहेर सरपंच, मेश्रामभाऊ आणि अर्धं गाव माना उंच करून बघत होतं. मी घेतला नाही तर गाव म्हणेल, मॅडमनं हिच्यावर विश्वास ठेवला नाही. घेतला तर... मला दवाखान्याची ती भिंत आठवली. सयत्राबाई ग्लास धरून उभी होती, आणि तिचा हात जरासुद्धा थरथरत नव्हता.

मी चहा घेतला. फार गोड होता.

दुसऱ्या दिवशी जेलात गेले. दशरथ पळतच आला, खुरपं हातात तसंच. मी त्याला सांगितलं, वहिनी तयार आहे, अंगठा दिलाय. खोली सारवून ठेवलीय. तुमच्या दातांचं विचारत होती, भात नरम टाकणार म्हणे. दातांचं ऐकून तो हसला. चौदा वर्षांत त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. कडीचं मी सांगितलं नाही. का नाही सांगितलं, कोण जाणे.

"आनखीन काय म्हणली?"

"म्हणाली, चौदा साल झाले, मी वाट पाहून राह्यली."

हसू गेलं. "असंच म्हणली?"

"हौ."

"तुमी चहा घेतली तिथं?"

"घेतली."

मी फॉर्म त्याच्यापुढे ठेवला आणि त्याच्या अंगठ्याची जागा दाखवली. त्यानं खुरपं खाली ठेवलं, हात सदऱ्याला पुसले, बराच वेळ पुसत राहिला. मग एका बोटानं कागद माझ्याकडे परत सरकवला.

"मॅडम," तो म्हणाला, "लिवा ना, घरी कोणी नाही."