बाबांचे नाखूश ड्यूक

बाबांच्या डोळ्यांतला मधला भाग आधी गेला. कडेचं दिसायचं, समोरचं दिसायचं नाही. "ज्याच्याकडे बघावं तोच नेमका पुसला जातो," असं ते म्हणायचे. म्हणून समोरच्याचा चेहरा बघायचा असला की ते मान थोडी वळवून खिडकीकडे बघत बसायचे. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा रागावलाय.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा साउथहॅम्प्टनच्या त्याच घरात एकटे राहत होते. तिथल्याच हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून काम करून ते रिटायर झाले होते. मी ब्रॅकनेलला नोकरी करते. शनिवारी गाडी काढून त्यांच्याकडे जायचे. डबे फ्रीजमध्ये लावायचे, आलेली पत्रं वाचून दाखवायचे, संध्याकाळी परत. त्यांची वाचायची भूक माझ्याकडून भागत नव्हती. ऑडिओबुकं लावून दिली, पण त्यांचं म्हणणं, "त्या बाप्याला मध्ये थांबवून काही विचारता येत नाही." शेवटी लायब्ररीत चौकशी केली. घरी येऊन वाचून दाखवणारे व्हॉलंटियर असतात असं कळलं, आणि एका मंगळवारी बाई आल्या.

बाई इंग्रज, सत्तरीच्या आसपासच्या. शाळेच्या ऑफिसात आयुष्य काढलेल्या, विधवा. बाबांनी सांगितलं, पेपर वाचा. त्यांनी पेपर वाचला. हॉस्पिटलांच्या वेटिंग लिस्टा, कुठेतरी बॉम्ब, कुणा मंत्र्याचा राजीनामा. अर्ध्या तासाने दोघंही कंटाळले. मग बाई म्हणाल्या, "डॉक्टर, बसमध्ये वाचायला माझ्या पिशवीत एक पुस्तक आहे. फार काही थोर नाही. चालेल?"

ती 'रीजन्सी रोमान्स' म्हणतात तसली कादंबरी होती. दोनशे वर्षांपूर्वी इथला राजा वेडा झाला आणि त्याचा मुलगा कारभार बघायला लागला, तो हा काळ. त्या काळातले ड्यूक, अर्ल असे बडे सरदार, त्यांच्या नाचाच्या मजलिशी, घोडागाड्या, आणि अडलेली लग्नं. जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमध्ये अशा पुस्तकांचा ढीग पडलेला असतो. कव्हरवर हमखास एक उघड्या गळ्याचा शर्ट घातलेला माणूस.

त्या शनिवारी मी गेले तर बाबा दार उघडल्या उघडल्या म्हणाले, "अगं, त्याला ड्यूक व्हायचंच नव्हतं!"

"कुणाला?"

"त्या पुस्तकातल्याला. हा बिचारा नेव्हीत होता. मोठा भाऊ घोड्यावरून पडून मेला आणि सगळी सरदारकी याच्या गळ्यात पडली. आता आत्या मागे लागलीय, लग्न कर, वारस हवा. आणि हा म्हणतो, मला माझ्या दुर्बिणीजवळ बसू द्या."

मी हसले. तेही हसले, पण लगेच गंभीर झाले. "हे इथे मेणबत्त्या लावून नाचत होते ना, तेव्हा तिकडे खडकीची लढाई चालली होती. पेशवाई बुडत होती. पुस्तकात एक ओळ नाही त्याची. मी सांगितलं बाईंना."

पुढच्या मंगळवारी बाई खडकीची लढाई वाचून आल्या. कुठूनतरी जाडं पुस्तक काढून, नीट. बाबांना त्याचं केवढं अप्रूप! "इतकी वर्षं या देशात राहिलो," ते फोनवर म्हणाले, "कुणी मला उलटून विचारलं नव्हतं, की मग पुढे काय झालं?"

असं वर्षभर चाललं. एक ड्यूक संपला की दुसरा. एकाला मधमाश्या पाळायच्या असायच्या, एकाला लढाईत पाय गमावल्यावर कुणाचं तोंड बघायचं नसायचं, एकाला आपण खरे वारसच नाही असं वाटायचं. सगळ्यांची तऱ्हा एकच. वाड्यात दार लावून बसायचे आणि मुलांना शिकवणारी कुणी एक गव्हर्नेस नाहीतर विधवा येऊन ते दार ठोठावायची. बाबा मला सगळं मराठीत सांगायचे, त्यामुळे ते ड्यूक आमच्या साताऱ्याकडच्या कुणा हट्टी काकांसारखे वाटायचे. बाईंना त्यांनी आल्याचा चहा प्यायला शिकवला. कपाच्या काठाला लावायचं एक यंत्र मिळतं, चहा काठापर्यंत आला की पीं करून वाजणारं. ते वापरून ते स्वतः चहा गाळायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. बाई त्यांच्यासाठी लिंबाचा केक आणायच्या आणि जाताना चिवडा घेऊन जायच्या.

एकदा मी सुट्टी काढली आणि न कळवता मंगळवारीच गेले. माझ्या किल्लीनं दार उघडलं. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, हॉस्पिटलच्या दिवसांतला. बाई खिडकीजवळ बसून वाचत होत्या, ड्यूकचा आवाज जाड काढून. बाबा मान वळवून बसले होते, खिडकीबाहेर बघत असल्यासारखे. म्हणजे ते त्यांच्याकडे बघत होते.

मी आत न जाता किचनमध्ये गेले. बाबांचा आवाज आला, "थांबा. ती त्याला निघून जाते असं का म्हणाली? तिला तर जायचं नाहीये."

"त्यानं थांब म्हणावं म्हणून, डॉक्टर."

"मग तो का म्हणत नाही?"

बाई हसल्या. "दोनशे पानं व्हायची आहेत अजून."

मी जशी आले तशी बाहेर पडले आणि गाडीत जाऊन बसले. दुखलं मला. आईचा फोटो त्याच खोलीत होता आणि बाबांचा तो शर्ट आई इस्त्री करायची. बराच वेळ मी नुसती स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. मग मनात आलं, हा माणूस आई गेल्यापासून कुणासाठी हसला होता? मी पुन्हा दारापाशी गेले, या वेळी बेल वाजवली, आणि बाईंच्या हातचा केक खाल्ला.

नंतर एकदा मी विषय काढला. "बाबा, बाई छान आहेत."

"वाचतात छान," बाबा म्हणाले आणि रेडिओ लावला.

वसंतात, बागेतली ट्युलिप्स उमलायच्या सुमाराला, बाई यायच्या थांबल्या. बाबा म्हणाले, त्यांची बहीण यॉर्कशरला समुद्रकाठी असते, तिच्याकडे राहायला गेल्या. एवढंच. त्यानंतर ते जेवेनासे झाले असं काही नाही. जेवायचे, फिरायला जायचे, फोन करायचे. फक्त दाढी दोन-तीन दिवसांची असायची, आणि चहा माझ्या हातचा घ्यायला लागले.

एका शनिवारी त्यांनी टेबलावरचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "शेवटची तीन प्रकरणं राहिलीत. वाच."

मी वाचायला लागले. मला आवाज बदलता येत नाहीत. ती गव्हर्नेस लंडन सोडून निघाली होती, ड्यूक दार लावून बसला होता. मग त्याला एकदम उमगतं, तो खोगीर घालायला सांगतो, चिखलातून, पावसातून तिच्या गाडीमागे घोडा फेकतो...

"पुरे," बाबा म्हणाले.

मी पुस्तक मिटलं. ते खिडकीकडे नाही, खाली बघत होते.

"त्यांनी विचारलं होतं मला," ते म्हणाले. "बहीण बोलावतेय, घर विकून ये म्हणतेय. डॉक्टर, मी जाऊ की राहू? असं सरळ विचारलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, बहिणीला तुमची गरज असेल."

"का, बाबा?"

"अगं, मला माझं जेवणाचं ताट दिसत नाही. उद्या उरलंसुरलं जाईल. कुणाच्या गळ्यात पडू? आणि तुझी आई..." ते थांबले. "इथल्या मराठी मंडळातले लोक काय म्हणतील याचीसुद्धा भीती वाटली. खरं सांगतो. या वयात."

"आपण जाऊ या ना त्यांच्याकडे. मी नेते."

"पुस्तकात घोड्यावर बसून जातात ते. मला बसचा नंबर दिसत नाही."

उन्हाळाभर मी दर शनिवारी विचारायचे आणि ते दर वेळी नाही म्हणायचे. शाळा परत सुरू झाल्या, सफरचंदं पिकली, आणि एका सकाळी त्यांचा फोन आला, "चल."

बाईंशी फोनवर त्यांनीच बोलून घेतलं होतं. निळा ब्लेझर घातला होता, गालावर वस्तऱ्यानं कापल्याची एक लहानशी खूण होती. लांबचा रस्ता, वाटेत दोनदा थांबलो. एरवी मोटरवेवर ते मला सारखे काही विचारायचे, आता कुठलं गाव, डावीकडे काय दिसतंय. त्या दिवशी एक शब्द नाही. समुद्राचा वास यायला लागला तेव्हा म्हणाले, "मला त्यांचा चेहरा नीट दिसणार नाही. तू आत बस. बघून ठेव."

बहिणीचा छोटा बंगला होता. बहीण आपणहून बाहेर गेली. बाई बारीक झाल्या होत्या. त्यांनी बाबांचा हात धरून खुर्चीपर्यंत नेलं, हात सोडायला वेळ लावला. मी सोफ्याच्या टोकाला अंग चोरून बसले. कुठलाही मुलगा-मुलगी पाहण्याचा कार्यक्रम इतका अवघड झाला नसेल.

बाबांनी चहाला हात लावला नाही. म्हणाले, "तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. मी उत्तर चुकीचं दिलं. राहा, असं म्हणायचं होतं. उशीर झालाय हे कळतंय मला. तरी म्हणतो. परत चला."

बाईंचे डोळे भरून आले. बाबांना आवाजावरून कळू नये म्हणून असेल, त्यांनी आधी चहाचा एक घोट घेतला.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "तो प्रश्न विचारायला मला सगळा हिवाळा लागला. तुम्ही नाही म्हणालात, त्यानंतर घर आवरताना रोज वाटायचं, फोन वाजेल. गाडीत बसले तेव्हाही वाटलं. इथे आल्यावरही पुष्कळ दिवस. आता माझं रडून झालंय. इथं जरा बस्तान बसलंय. ते सगळं परत सुरू करायची ताकद नाही माझ्यात. तुमच्यावर राग नाही माझा. पण नाही."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले.

मग त्या दोघांनी चक्क हवेवर गप्पा मारल्या. इथला वारा, तिकडचा पाऊस. निघताना बाईंनी त्यांच्या ब्लेझरची कॉलर नीट केली.

गाडीत बसल्यावर बाबांनी चाचपत पट्टा लावला. मग विचारलं, "चेहरा कसा होता?"

मला खोटं बोलावंसं वाटलं, कोरडा होता, शांत होता असं काहीतरी. नाही जमलं. म्हटलं, "रडत होत्या, बाबा. बोलत होत्या तेव्हा सगळा वेळ."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाले, "हीटर लाव जरा."

त्यानंतर बाबांनी दुसरा वाचक घेतला नाही. पुढल्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. स्वतः डॉक्टर असल्यामुळे त्यांना सगळं माझ्या आधी कळलं. शेवटच्या दिवसांत ते आईशी बोलायचे, माझ्याशी बोलायचे. बाईंचं नाव त्यांनी काढलं नाही. मी वाट बघत होते, काढतील म्हणून.

बाबा गेले त्या दिवशी मी बाईंना फोन करून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "त्रास झाला का त्यांना?" मी नाही म्हटलं. "मी आले तर चालेल?" त्यांनी विचारलं.

अंत्यसंस्काराला त्या आल्या, काळा कोट घालून, सगळ्यात मागच्या रांगेत बसल्या. मंत्र-श्लोक चालू असताना बाकी लोक हात जोडायचे तेव्हा त्याही जोडायच्या. नंतर घरी मंडळातल्या बायकांनी पिठलं-भात आणला होता. बाई ताट हातात घेऊन भिंतीशी उभ्या होत्या. एका मावशींनी मला हळूच विचारलं, "या कोण गं?"

"बाबांना वाचून दाखवायच्या," मी म्हटलं.

"हो का! पुण्यवान बाई," मावशी म्हणाल्या आणि त्यांना आणखी थोडं पिठलं वाढायला गेल्या. बाईंनी ते सगळं संपवलं. त्यांना तिखट सोसत नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्या दिवशी त्याचं कारण त्यांना कुणी विचारणार नव्हतं.

स्टेशनवर मी त्यांना सोडायला गेले. गाडीला वेळ होता, म्हणून प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसलो. थंडी फार होती. मी त्यांना माझे हातमोजे दिले, त्यांनी घातले.

"मी हो म्हणायला हवं होतं का?" त्यांनी विचारलं.

मला बाबांची बाजू घ्यायची होती. बाईंचीही घ्यायची होती.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि गाडी येईपर्यंत तसाच धरून ठेवला. डब्यात चढल्यावर त्या पलीकडच्या बाजूच्या सीटवर बसल्या, त्यामुळे गाडी हलली तेव्हा मला त्या दिसल्या नाहीत. मी घरी आले. मावश्यांनी भांडी घासून ठेवली होती. कुठलं पातेलं कुणाचं ते ओळखून मी प्रत्येकीचं वेगळं काढत बसले.