दादाचा उलटा सदरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या रविवारी तळ्याच्या रानात मला चकवा लागला नव्हता. असं छातीठोक लिहितानाही हात अडखळतो, का ते पुढे येईलच. पण घरी जे सांगितलं ते खोटं होतं, एवढं आधी लिहून टाकतो.

परतूरहून आष्टीकडे जाताना आत वळलं की आमचं गाव. गावामागे पाझर तलाव आहे, आम्ही त्याला तळंच म्हणतो. त्याच्याभोवती वनखात्यानं लावलेलं रान आता चांगलं दाट झालंय. कडुनिंब, सुबाभूळ, अधूनमधून मूळचे पळस. पाळीवरून, म्हणजे तळ्याच्या बांधावरून, निघायचं, ओढा ओलांडायचा, पलीकडचं टेकाड चढून उतरायचं की पुन्हा पाळ. दम लागतो, पण जीव जात नाही. माझा मोठा भाऊ, दादा, हायस्कूलात विज्ञान शिकवायचा. निवृत्त झाल्यापासून हा फेरा तो रोज घालतो. मी जालन्याला असतो. गावी गेलो की त्याच्यामागून चालतो.

त्या दिवशी ओढ्यातल्या दगडावर तो थांबला.

"एक विचारू का? दिवाळीनंतर आईला तुझ्याकडं न्हेतो का?"

वडील गेल्यापासून आई त्याच्याकडेच आहे. आता तिला धरून उठवावं लागतं, बसवावं लागतं.

"तुझ्या वहिनीला उचलवत न्हाई आता. बोलत न्हाई ती, पण मी बघून राह्यलो ना."

"टेकाडावर जाऊन बोलू," मी म्हणालो.

"टेकाडावर काय वकील बसवलाय का तुझा?" तो हसला आणि चालू लागला.

"हो पुढं, मी आलोच," म्हणून मी लघवीच्या निमित्तानं झुडपामागे गेलो. झाडांतून त्याचा पांढरा सदरा वर वर जाताना दिसत होता. दिसेनासा झाला. आणि मी गावाकडे वळलो.

का वळलो? मला खरंच सांगता येत नाही. नाही म्हणायचं होतं म्हणावं, तर तसं मनात ठरलेलं काही नव्हतं. हो म्हणणंही फार जड नव्हतं. घरात जागा आहे, बायको कुरकुरली असती, पण नाही म्हणाली नसती. पाय वळले, मी त्यांच्यामागून गेलो. त्यात सुबाभळीत वाट जरा हुकली. एकाच पळसाखालून मी दोनदा गेलो, की ते दोन पळस होते? रात्री अंथरुणात मी तो पळस आठवत बसतो. एकच असला तर मी थोडं तरी खरं बोललो, असा काहीतरी हिशेब मन करतं. पण गावाकडे तर मी आधीच वळलो होतो.

घरी वहिनी अंगणात होत्या.

"भावजी, एकटेच? हे कुठं राह्यले?"

"चकवा लागला, वहिनी. फिरून फिरून तिथंच." तोंडातून निघून गेलं.

आमच्याकडे चकवा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ओळखीच्या रानात माणूस गोल फिरत राहतो, वाट सापडत नाही. उपाय एकच, अंगातला सदरा काढून उलटा घालायचा.

"आगं बाई! मंग सदरा न्हाई का उलटा केला?"

"सुचलंच न्हाई."

वहिनींनी माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या, चहा टाकला. दादा येईलच, असं मी दोनदा म्हणालो.

तो आला तेव्हा दिवस बुडत होता. पोटऱ्या बोराटीनं ओरबाडलेल्या, हाका मारून आवाज बसलेला. आणि सदरा उलटा. शिवणी बाहेर, खिसा आत, म्हणून चष्मा हातात धरलेला. हा माणूस दरवर्षी दहावीच्या पोरांना फळ्यावर काढून दाखवायचा, की डोळे मिटून कुणीही सरळ चालू शकत नाही, चकवा म्हणजे तेवढंच. सबंध गावातून तो तसा चालत आला होता.

माझ्या हातात कपबशी होती.

"सापडलास का," तो म्हणाला. "मला वाटलं पाण्यात गेलास. दोन फेरे मारले तळ्याला."

"चकवा लागल्ता भावजींना," वहिनी म्हणाल्या.

त्यानं एकदा आपल्या सदऱ्याकडे पाहिलं. "मंग बराबर," म्हणाला. "म्हणूनच तू दिसंना."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवरच्या हॉटेलात सगळे टपलेलेच होते.

"सर, ह्यो कोणत्या इयत्तेचा प्रयोग?"

"आवं, उजळणी चालूय त्यांची. उलटीकडून!"

दादा हसला नाही, चिडलाही नाही. "असतं कायतरी," म्हणाला. "आपल्याला समजत न्हाई म्हणून न्हाईच म्हणायचं का? माझा भाऊ खोटं कशाला बोलंल?"

मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. बशीतला चहा फुंकत राहिलो. तिथं बोलता आलं असतं. नंतरही कितीतरी वेळा आलं असतं.

आता तो टेकाडावर जात नाही. पाळीवरच इकडून तिकडं करतो. गावातली मुलं अजून कधीमधी चकव्याचं विचारतात, तेव्हा फळ्यावरचं काही सांगत नाही म्हणे. आणि आईचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. फोन आला की आधी विचारतो, "बरा हैस ना? रानात बिलकुल एकटा जात नको जाऊ." मी भ्यालोय, मला आणखी ओझं नको, असं त्यानं धरलंय. मी टाळत होतो ते टळलं. मला तेच हवं होतं का, हे अजून कळत नाही. फोनमध्ये मागून वहिनींचा आवाज येतो, आईला उठवताना कण्हल्याचा. मग मी पावसापाण्याचं विचारतो.

चकवा नव्हता, मी तुला टेकाडावर सोडून आलो, हे दादाला सांगणं माझ्याकडे राहिलं आहे. आणि आईला नेतो की नाही, हे उत्तरही.