फक्त बटणं राहिलीत

टेलरकाकूंचं डोकं फिरलं, ही बातमी गल्लीत दुधाबरोबर घरोघर पोचली. दूधवाल्याने म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं: पहाटे कालव्याच्या रस्त्यावर काकू धावत होत्या आणि स्वतःच्या गुडघ्यांची मनधरणी करत होत्या. तिसऱ्या घरापर्यंत त्या रडायलाही लागल्या, आणि कोपऱ्यावरच्या घरी बातमी पोचली तेव्हा मास्तरांनी, म्हणजे काकूंच्या यजमानांनी, त्यांना घराबाहेर काढलं होतं.

यातलं खरं एवढंच, की काकू धावत होत्या आणि बोलत होत्या. डोकं जागेवर होतं, कुरकुर गुडघ्यांची होती. आणि मास्तर पहाटे इतकं मनापासून घोरतात, की घराबाहेर काढायला त्यांना आधी उठावं लागलं असतं.

गोष्ट अशी, की गेल्या वर्षी लांब पल्ल्याच्या शर्यतीत काकूंनी हौसेने नाव दिलं होतं. पाण्याच्या टाकीच्या वळणावर ‘बाई गं, अजून केवढं राहिलंय’ असं मनात आलं आणि पायांनी तिथेच संप पुकारला. दमलेल्यांना गोळा करत मागून येणाऱ्या गाडीत बसून काकू परतल्या, हातात केळं घेऊन. ते केळं गल्लीने त्यांना वर्षभर विसरू दिलं नाही. यंदा काही झालं तरी त्या गाडीत पाऊल ठेवायचं नाही, एवढंच काकूंनी ठरवलं होतं.

तोडगा सूनबाईने काढला. “आई, पाय तयार आहेत तुमचे. मनच नाही म्हणतंय. त्याला चांगलं सांगत जा. धावताना म्हणायचं, मी हरीण आहे.”

काकूंनी इमानदारीत म्हणून पाहिलं. पण डोळ्यांसमोर आधी हरणाच्या कमरेचं माप आलं, मग स्वतःच्या. हसता हसता कुशीत कळ आली आणि त्या कठड्यावर बसल्या.

“मला नाही जमायचं ते,” घरी येऊन त्या म्हणाल्या. “हरीण कोण आणि मी कोण, एवढं पायांना कळतं.”

उपाय सापडला तो दुकानात. बँकेतले साहेब कोटासाठी तणतणत आले. कोट म्हणजे तेव्हा एक बाही होती आणि बाकी सगळा विचार. काकूंनी मशीनवरून मान न उचलता तीच बाही फडकावली. “झालाच की तुमचा कोट. फक्त बटणं राहिलीत.”

साहेबांनी बाहीवरून हात फिरवला. तणतणत आलेला माणूस गुणगुणत गेला.

“आई, कसं काय खपतं हो तुमचं हे?” सूनबाईने विचारलं.

“नुसती थाप खपत नाही गं. हातात काहीतरी झालेलं दाखवावं लागतं,” काकू म्हणाल्या, आणि त्यांचा मशीनवरचा पाय एकदम थांबला. नवं गिऱ्हाईक दारात यावं तसं त्यांनी त्या पायाकडे पाहिलं.

तेव्हापासून पायांना वायदे मिळू लागले. “त्या पिवळ्या फाटकापर्यंत चला, झालंच.” फाटक आलं की खरोखर जरा सावकाश चालायचं, दोन घोट पाणी प्यायचं. ही झाली बाही. मग पुढचा वायदा. दूधवाल्याच्या कानावर पडलं ते हेच.

मास्तरांना हे पटेना. “अगं, पाय एक दिवस तुला ओळखतील. आपली गिऱ्हाइकं ओळखतात तशी.”

“ओळखू देत. गिऱ्हाइकं चिडतात, पण टेलर बदलतात का?”

शर्यतीच्या दिवशी काकूंनी टाकीचं वळण घेतलं, आणि पाठोपाठ ती गाडीही आली. ड्रायव्हर गेल्या वर्षीचाच. “या काकू. तुमची जागा पुसून ठेवलीय. केळंही आहे.”

पाय शिसं भरल्यासारखे झाले. अजून केवढं राहिलंय, हा जुना प्रश्न ओठांवर आला. काकूंनी तो गिळला आणि मागे वळून पाहिलं. गेल्या वर्षी टाकीच्या पुढचा रस्ता त्यांनी गाडीच्या खिडकीतून पाहिला होता. आज टाकी मागे पडली होती.

“ही बघा बाही,” त्या पायांना म्हणाल्या. “आता काय, फक्त बटणं राहिलीत.”

“कसली बटणं?” ड्रायव्हरने विचारलं.

“तुम्हाला नाही हो. गिऱ्हाइकाशी बोलतेय.”

बटणं चिक्कार निघाली. प्रत्येक विजेचा खांब एक बटण. काकू मोठ्याने बटणं लावत निघाल्या, आणि थोड्या वेळाने गंमत कळून ड्रायव्हरही खांबागणिक हॉर्न देऊ लागला. शेवटच्या कमानीपाशी ती उतरवायला माणसं शिडीवर चढलेली होती. वाजतगाजत येणारी ही स्वारी बघून ती तशीच शिडीवर थांबली, आणि काकू त्यांच्या पायांखालून पलीकडे गेल्या.

सूनबाई हसत हसत रडत होती. दूधवाला शिट्ट्या मारत होता. मास्तर एवढ्या सकाळी जागे होते, ही त्या दिवसाची दुसरी मोठी बातमी.

गर्दीत साहेबही होते. वायद्यांची गोष्ट एव्हाना गल्लीत सगळ्यांना पाठ झाली होती. त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या, मग हळूच पुढे झाले. “काकू, पायांना दिलेला शब्द तेवढा पाळलात. माझ्या कोटाचं काय?”

काकूंनी घाम पुसला.

“तो माझ्या मागूनच येतोय, साहेब. पोचेलच इतक्यात.”