‘छान झालंय’ असं मी म्हणालो

मुंबईतली मराठी माणसं घरात नेमकी कशी बोलतात, यावर प्रबंध लिहिणारी एक मुलगी आमच्या परळच्या घरी आली होती. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने तिला माझं नाव सुचवलं होतं. मी नीट, सभ्य बोलतो असा ऑफिसात समज आहे. तो मी कधी खोडून काढला नाही, तिथपासूनच माझ्या अपराधाला सुरुवात झाली.

प्रश्न साधे होते.

"काका, पाणी हवं असेल तर काकूंना काय म्हणता?"

"जरा पाणी देतेस का, असं म्हणतो."

स्वयंपाकघरातला मिक्सर थांबला.

"आणि जेवण आवडलं तर?"

"छान झालंय म्हणतो."

बायको हात पुसत बाहेर आली. माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि त्या मुलीला म्हणाली, "बस हां तू. मला वाटलं, दुसरंच कोणी आलंय बोलायला."

मुलगी हसली, पण वहीत तिने माझंच उत्तर लिहिलं. खरं असं की जेवण चांगलं झालं की मी काहीच म्हणत नाही. मीठ कमी पडलं की म्हणतो. माझे वडील मिलमधून येऊन असेच मुकाट जेवायचे. ते गप्प असले की आई समजायची, जमलं. पण वडिलांवर तरी किती ढकलायचं? माझ्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आहेत आणि गप्प बसणारा मी आहे.

"लोक सांगतात एक आणि बोलतात दुसरंच," मुलगी सहज म्हणाली आणि बोटाएवढा एक रेकॉर्डर पुढे ठेवला. सोमवार ते रविवार, घरात असताना तो कॉलरला लावायचा. लाल दिवा लागला म्हणजे चालू. मग संगणक ते सगळं बोलणं लिहून काढणार आणि ती त्यावर काम करणार. आम्ही दोघांनी संमतीच्या कागदावर सह्या केल्या. बायकोने जरा जास्तच उत्साहाने केली.

सोमवारी सकाळी मी म्हणालो, "अगं, थोडा चहा ठेवशील का?"

"बरं वाटत नाहीये का?" तिने विचारलं.

बुधवारी तिच्या बहिणीचा फोन आला. "हो गं, बरे आहेत. मशीन लावलंय त्यांना," बायको म्हणाली. पलीकडे मेव्हणी घाबरली. एवढी हॉस्पिटलं असलेल्या परळमधल्या माणसाला मशीन लावलंय म्हटल्यावर दुसरं काय डोक्यात येणार! खुलासा दोन मिनिटांत झाला, हसणं मात्र बराच वेळ चाललं. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो, लाल दिव्यासकट.

रविवारी दुपारी तिने बांगड्याचं तिखलं केलं होतं, माशाचं ते झणझणीत कालवण, त्रिफळं घालून. दोन घास खाऊन मी म्हणालो, "छान झालंय हं आज."

तिने माझ्या कॉलरकडे पाहिलं. "अहो, दिवा बंद आहे तुमचा."

आंघोळीनंतर शर्ट बदलताना मी बटण दाबायला विसरलो होतो. खरं सांगायची वेळ हीच होती. मी म्हणालो, "असू दे. त्याचा काय संबंध?"

तिच्या वाटणीचा बांगडा तिने माझ्या ताटात वाढला. तो मी खाल्लासुद्धा. दुपारभर ती बहिणीशी फोनवर हळू आवाजात बोलत होती.

मंगळवारी मुलगी रेकॉर्डर न्यायला आली. दारातच मी तिला सांगून टाकलं, "यातलं काही खरं धरू नकोस. मी मुद्दाम गोड बोललोय."

"काका, सगळेच बोलतात. दोन दिवसांनी विसरतात. ते पहिले दोन दिवस मी गाळते."

"मी सातही दिवस विसरलो नाही गं."

"मग तुमचा आठवडाच गाळते," ती म्हणाली आणि हसत जिना उतरली. इतक्या स्वस्तात सुटका झाली. बांगडा मात्र कोणाला गाळता येणार नव्हता.

संध्याकाळी बायको मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो. "रविवारी मला वाटलं होतं, मशीन चालू आहे."

"माहितेय," ती म्हणाली. हात चालूच होते. "मान खाली घालून कॉलरला सांगत होतात. मी इकडे समोर बसले होते."

"मग बांगडा का वाढलास?"

"सात दिवस एवढा अभ्यास केलात. म्हटलं, पास करू या."

मला हसू आलं आणि लगेच आठवलं. "बहिणीला काय सांगितलंस?"

तिचे हात थांबले. "तिला सांगितलं की मशीन बंद असतानाही छान झालंय म्हणाले. तिचा नवरा तरी कुठे काही म्हणतो कधी? आता तिला जाऊन खरं सांगत बसू नका. गप्प बसायची तुम्हाला सवय आहेच."

मी नाही सांगितलं. अजूनही सांगितलेलं नाही.

रात्री जेवायला तीच मेथी होती. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी मनाची तयारी करून बसलो, पहिला घास घेतला आणि तिच्याकडे बघितलं. ती वाट बघत होती.

"लसूण करपलाय," मी म्हणालो.

"करपलाय खरा," ती म्हणाली. "पण वर बघून बोललात."

मी ताट पुढे करून आणखी भाजी मागितली.