अव्वांमार्फत प्ले-ऑफ

आमच्या घरात बास्केटबॉलवर जेवढं बोलणं झालं, तेवढं जळकोटात दुसऱ्या कुठल्या घरात झालं असेल असं मला वाटत नाही. आणि ते सगळं बोलणं अशा दोन माणसांत झालं, ज्यांना एकमेकांशी बोलायची बंदी होती.

त्यातली एक मी. दुसरे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भाया. घरात सगळे त्यांना आण्णा म्हणतात. भावजयीनं भायासमोर बसायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, थेट बोलायचं तर नाहीच, अशी आमच्या घरची रीत. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, वर्षभरात सैल पडेल. पडली नाही. आण्णा जेवायला बसले की मी भाकरी वाढायची, आणि आणखी हवी असली तर ते सासूबाईंना सांगायचे, "अव्वा, अर्धी दे म्हणावं." मी तिथंच, ताटापासून हातभर अंतरावर उभी. सुरुवातीला मला हसू यायचं, मग राग यायला लागला, मग दोन्ही बंद झालं. माणसाला कशाचीही सवय होते.

आण्णांचं आडतीचं दुकान आहे. तूर, उडीद, सोयाबीन. त्यांची बायको, माझी जाऊ, माझं लग्न व्हायच्या आधीच गेलेली. मूलबाळ नाही. घरात शेवटचा शब्द त्यांचा, आणि ते फार कमी बोलतात. तरुणपणी धाराशिवला कॉलेजात असताना ते बास्केटबॉल खेळायचे, हे मला फार उशिरा कळलं. मीही धाराशिवच्याच कॉलेजातून खेळलेली, त्यांच्यानंतर कितीतरी वर्षांनी, बहुतेक त्याच तडे गेलेल्या सिमेंटच्या कोर्टावर. हे त्यांनाही तितक्याच उशिरा कळलं.

कळलं ते असं. उन्हाळ्यातली पहाट होती. आमच्याकडं मे महिन्यात थंडावा असतो तो तेवढाच, सूर्य वर येईपर्यंत. मी आत भाकरी थापत होते. पुढच्या खोलीत आण्णांनी टीव्ही लावलेला, आवाज अगदी बारीक. मधल्या दारात अव्वांची खाट. पाय मोडल्यापासून त्या तिथंच असतात, म्हणजे दोन्हीकडचं दिसतं आणि दोघांनाही हुकूम सोडता येतो. टीव्हीचा निळा उजेड दारावरच्या पडद्यावर हलत होता. पडदा जरा सरकलेला होता, आणि त्या फटीतून मला ते उंच उंच गडी धावताना दिसले. अमेरिकेत तेव्हा संध्याकाळ. त्यांची संध्याकाळ आमच्या पहाटेत येऊन खेळत होती, आणि मी अर्धवट झोपेत तव्यासमोर उभी होते. कॉलेज, कोर्ट, पायातले फाटके बूट हे सगळं मी कुणा दुसरीच्या तोंडून ऐकलंय असं मला तोवर वाटायला लागलं होतं.

आण्णा अव्वांना म्हणाले, एवढ्या धिप्पाड गड्यापुढं ह्या बुटक्याची जोड कुणी लावली? जोड हा शब्द आमच्याकडं जत्रेतल्या कुस्तीचा. कोण कुणाशी खेळणार हे पंच ठरवतात, आणि जोड चुकली की सगळी जत्रा पंचांच्या नावानं ओरडते. मी हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि मोठ्यानं म्हणाले, "अव्वा, जोड बरोबर लावलीय. बुटका खालनं शिरतोय, धिप्पाडाला वाकता येत न्हाय."

मला वाटलं, आता काही खरं नाही. मग आण्णांचा आवाज आला, "अव्वा, विचार तिला, पहिल्यापासनं बघतीय का?"

तेव्हापासून आमचं सुरू झालं. दरवर्षी एप्रिल उजाडला की प्ले-ऑफ लागायच्या, आणि एका जोडीत सात सामन्यांतले चार जिंकणारी टीम पुढं जायची. आम्ही धरलेल्या टीमच्या शहराचं नाव आम्हा दोघांनाही धड उच्चारता येत नाही, म्हणून ती नुसती आमची टीम. ती का धरली? तर आण्णांनी पहिल्यांदा टीव्ही लावला तेव्हा ती हरत होती. त्यांचा स्वभावच तसा, बाजारात पडत्या भावालाही ते माया लावतात.

मधे निरोप न्यायला अव्वा. "लेकी बोले सुने लागे" ही म्हण सगळ्यांनी ऐकलेली असते, आमच्या घरी ती रोज सकाळी चालायची. मी म्हणायचे, अव्वा, सांगा, आता झोन लावायला पाहिजे. अव्वा तोंड बाहेर वळवून सांगायच्या, ती म्हणती, माणसामागं पळू नका, आपापली जागा धरून बसा. इतकं नेमकं मला माझ्या कोचनंही कधी सांगितलं नव्हतं. मग आण्णांचं उत्तर यायचं, ते अव्वा माझ्याकडं पाठवायच्या, आणि जाता जाता स्वतःचा एखादा टोमणा जोडून द्यायच्या, की भाकरी करपायला लागली तेही बघ म्हणावं. खेळाडूंना त्यांनीच नावं ठेवली होती. एक लांब्या, एक घामट, आणि तो बुटका, ज्याच्यावर त्यांचा भारी जीव. तो पडला की त्या कानडीत कुणाला तरी शिव्या द्यायच्या.

माझा नवरा या सगळ्यात नव्हता. तो उठून चहा घेताना उभ्या उभ्या दोन मिनिटं बघायचा आणि दरवेळी तेच विचारायचा, की खाली भोकच ठेवायचं होतं तर टोपली टांगली कशाला. आम्ही तिघंही त्याच्याकडं दुर्लक्ष करायचो.

खरं सांगते, त्या पहाटा मला अजूनही पूर्ण जागेपणी घडल्यासारख्या वाटत नाहीत. हायवेवरून ट्रक जायचे, त्यांचा आवाज लांबून येऊन लांब विरून जायचा. लिंबाखाली नुसता पाचोळा. भाकरी थापायचा आवाज थांबला की आण्णांना कळायचं, माझं लक्ष टीव्हीवर आहे. ते तेवढ्यात काहीतरी विचारायचे. त्यांचा चेहरा मला दिसायचा नाही. नुसता आवाज, आणि त्या आवाजात एक वेगळाच माणूस, दुकानात किंवा जेवताना कधी न भेटलेला. दुपारी जरा पडले की स्वप्नातही तेच गडी यायचे आणि आमच्या अंगणात हळूहळू, आवाज न करता खेळायचे.

यंदा मात्र त्या स्वप्नात एक काटा होता. नळदुर्गच्या एका शाळेला मुलींच्या टीमसाठी कोच हवी होती. माझ्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं माझं नाव सुचवलं. जूनमध्ये शाळा उघडली की सुरू. सराव रोज सकाळी सहाला. पगार फार नव्हता, पण ते ऐकल्यावर माझे तळहात दिवसभर खाजत होते. मला ते काम हवं होतं. इतकं काही हवंसं वाटल्याला किती वर्षं झाली होती, मला आठवेना.

नवरा म्हणाला, माझी ना नाही, पण आण्णांना विचारावं लागेल. मी म्हणाले, विचारा. अव्वांनी तर आधीच अंग काढून घेतलं. म्हणाल्या, बॉलचं काय ते सांगीन, हे न्हाय सांगणार. शेवटी नवऱ्यानं दुकानात जाऊन विचारलं आणि संध्याकाळी तोंड पाडून घरी आला. आण्णा म्हणाले होते, "ह्या मॅची संपू दे. मग बघू."

माझं डोकंच फिरलं. माझ्या कामाचा निकाल अमेरिकेतल्या उंच माणसांच्या हातात! मी नवऱ्याला तिथंच सांगितलं, ते नाही म्हणाले तरी मी जाणार. आणि गेलेच असते. पण मला हेही माहीत होतं, की तसं मोडून गेले तर घरात जी अढी बसेल ती बसेलच, आणि या पहाटा पुन्हा मिळणार नाहीत. दुसऱ्या कुठल्या बाईला हे दुःख कळेल की नाही कोण जाणे. नोकरीही हवी होती आणि तो पडद्यामागचा आवाजही.

एरवी आमची टीम पहिल्याच फेरीत गारद व्हायची. यंदा त्यांना काय झालं होतं कोण जाणे, जिंकतच सुटले. पहिली फेरी सहज काढली. दुसऱ्या फेरीत समोरची टीम तगडी होती. आण्णांनी अव्वांमार्फत सांगितलं, लांब्याला त्यांच्या मधल्या गड्याशी जोडलं तर आपण गेलो. मी उलट सांगितलं, लांब्याला कडेला न्या, म्हणजे त्यांचा मधला गडी बाहेर येईल आणि बुटक्याला वाट मिळेल. आमच्या टीमच्या कोचनं नेमकं तेच केलं. आण्णा आतल्या बाजूला ऐकू येईल असे हसले. मला इतका आनंद झाला, आणि लगेच आठवलं, जिंकलो म्हणजे माझा निकाल आणखी लांबला. हातात पीठ आणि डोळ्यांत पाणी, असं माझं चाललं होतं. हरा म्हणायला जीभ रेटत नव्हती.

तिसऱ्या फेरीत तीन-तीन झालं. शाळेनं मैत्रिणीकडून निरोप पाठवला, या आठवड्यात सांगा, नाहीतर दुसरी बघतो. सातव्या सामन्याच्या पहाटे मी भाकरीला हातच लावला नाही. पडद्याच्या आत, जमिनीवर, भिंतीला टेकून बसले. अव्वांनी नुसतं बघितलं.

तो सामना मला तुकड्यातुकड्यानं आठवतो. बुटक्याचा पाय मुरगळला आणि तो लंगडत खेळत राहिला. घामटाचा नेम काही केल्या चुकेना. शेवटच्या भागात आम्ही दोघं इतकं भरभर बोलायला लागलो, की अव्वांना मान वळवायलाही सवड मिळेना. अव्वा, बुटक्याला बसवा म्हणावं. अव्वा, बसवलं तर बॉल कोण आणणार, विचारा. अव्वा, लांब्या आणील. अव्वा, लांब्याला डावा हात न्हाय. अव्वांनी दोन्ही हात वर केले.

"साकु," त्या म्हणाल्या. साकु म्हणजे कानडीत पुरे. "साकु आता. माझ्या तोंडाला फेस आला. तुमचं तुम्ही बोला." आणि त्यांनी चादर ओढून भिंतीकडं तोंड केलं.

ज्या बाईनं आयुष्यभर ती रीत पाळली आणि माझ्याकडून पाळून घेतली, तिनंच ती मोडून टाकली, कंटाळून. आम्ही दोघंही गप्प झालो. उरलेली मिनिटं तशीच गेली, टीव्हीवर नुसती पळापळ. आमची टीम थोडक्यात हरली. बुटका कोर्टावर खाली बसला आणि त्यानं टॉवेल डोक्यावर घेतला. आण्णांनी टीव्ही बंद केला.

मी उठून पडदा बाजूला केला. का केला, ते मला सांगता येणार नाही. आण्णा खुर्चीत बसले होते, जमिनीकडं बघत. बाहेर ऊन चढायला लागलं होतं. कर्ता पुरुष, आडतवाला, ज्यांच्या एका शब्दासाठी मी दीड महिना धुमसत होते, ते मला एकदम लहान दिसले.

"सराव सकाळी सहाला असतो म्हणं," ते म्हणाले.

मला काय म्हणून हाक मारावी हे त्यांना माहीतच नव्हतं, कारण तशी वेळ कधी आलीच नव्हती. मी सवयीनं अव्वांकडं बघितलं. त्या हलल्या नाहीत.

"व्हय," मी म्हणाले.

"आन् ह्या मॅची बी सकाळच्याच."

तेव्हा मला कळलं. महिना-दीड महिना मला वाटत होतं, ते परवानगी अडवून बसलेत, मान मिळावा म्हणून, घरची रीत म्हणून. खरं तर तो माणूस पुढच्या एप्रिलमध्ये या खोलीत एकटा बसायला भीत होता. माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला.

"तुम्हाला जायचं हाय तर जावा," आण्णा म्हणाले. "त्येला म्या न्हाय म्हणणार न्हाय." मग त्यांनीच विचारलं, "तिथं कोर्टाच्या कडंला म्हाताऱ्या माणसाला बसू देत्यात का?"

"देतात, आण्णा," मी म्हणाले. "पण तिथं अव्वा नसतील. जे काय म्हणायचं ते मलाच सांगावं लागेल."

त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"त्येच तर अवघड हाय," ते म्हणाले.